जुन्या बाटल्यांचे हत्ती: न्ग्वेन्या, एस्वातिनी

अनवट

दीर जोहान्सबर्गला नोकरीला आहेत, म्हणून यंदा सगळे मिळून क्रूगर राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. परतताना एक दिवस हाताशी उरत होता. जाऊ म्हणाली, एस्वातिनीतून जाऊ या. (जाऊ म्हणाली जाऊ या. हा विनोद त्या दिवशी गाडीत दहा वेळा तरी झाला.) एस्वातिनी म्हणजे आपल्या शाळेच्या नकाशातलं स्वाझीलंड, २०१८ साली राजाने नाव बदललं. मात्सामोच्या नाक्यावरून आत शिरलो, पिग्ज पीकच्या बाजूला पाइनची लावलेली जंगलं आहेत त्यातून वळणं घेत दुपारी न्ग्वेन्याला पोचलो. न्ग्वेन्या म्हणजे मगर. गावामागचा डोंगर पहुडलेल्या मगरीसारखा दिसतो म्हणे. मला तो डोंगरासारखाच दिसला.

या गावात 'न्ग्वेन्या ग्लास' नावाची काचशाळा आहे. शंभर टक्के वापरलेल्या काचेवर चालते, मुख्यतः शीतपेयांच्या बाटल्यांवर. १९७९ साली स्वीडनच्या मदतीतून सुरू झाली, तिकडच्या कारागिरांनी इथल्या माणसांना काच फुंकायला शिकवलं. १९८५ साली बंद पडली. १९८७ साली प्रेटजॉन नावाच्या कुटुंबाने ती पुन्हा सुरू केली. हे लोक आधी इथल्या काचेच्या प्राण्यांचे गिऱ्हाईक होते. आपल्या आवडीचं दुकान बंद पडलं म्हणून कारखानाच घ्यायचा, ही हौस मला फार आवडली.

आता मुद्द्याचं. हा धागा मी एवढ्याचसाठी काढलाय की तिथे जाणारे बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात. गाडीतून उतरले की समोर दुकान, सगळी काच उजेडात मांडलेली, लोक थेट तिथे. अर्धा तास हत्ती-गेंडे उचलून बघायचे, किमती बघून ठेवायचे, एखादा घ्यायचा आणि जाता जाता 'ती भट्टी कुठेय हो' म्हणत दोन मिनिटं डोकावायचं. आम्हीही तेच करणार होतो. सासूबाईंना गुडघ्यांमुळे दुकानात उभं राहवेना, म्हणून त्या बसायला जागा शोधत वरच्या सज्जात गेल्या, मी त्यांच्या मागे. तो सज्जा नेमका भट्टीच्या वर आहे. खाली सगळं काम चाललेलं दिसतं. तिथून आम्ही सव्वा तास हललो नाही.

खाली एक माणूस लोखंडी सळई घेऊन भट्टीच्या तोंडाशी गेला, सळई आत घालून गोल गोल फिरवली आणि टोकावर लिंबाएवढा नारिंगी गोळा घेऊन आला. तो पोलादी पाट्यावर लाटल्यासारखा फिरवला. परत भट्टीत, आणखी काच गुंडाळली, आता गोळा मोसंब्याएवढा. मग बाकावर बसला. सळई बाकाच्या दांड्यांवर डाव्या हाताने फिरतेच आहे, एक क्षण थांबत नाही. थांबली की काच एका अंगाला ओघळलीच. उजव्या हातात ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी. त्या घडीवर तो धगधगता गोळा ठेवून चक्क तळहातात घेतल्यासारखा आकार देत होता. कागदाला कडेने लाल ठिणग्या, धूर, पण पेट नाही, कारण कागद पाण्याने निथळत होता. मग चिमट्याने सोंड ओढली. एकाच झटक्यात, वर वळवून. कात्रीने पाय कापून काढले. कान मात्र चपट्या पकडीने दाबून काढतात, दोन्ही बाजूंना एकेक दाब.

सासूबाई ७४ वर्षांच्या. आयुष्यभर दिवाळीचे लाडू स्वतः केलेल्या. त्या बघता बघता म्हणाल्या, "बघ, आता हात आखडला त्याचा. पाक गोळीबंद होत आला." आणि खरंच, दुसऱ्या कानाशी तो थबकला, सळई घेऊन पुन्हा तापवायच्या भट्टीकडे पळाला. पुढचा हत्ती, पुन्हा तेच. सासूबाई आधी सांगायच्या, "आता उठेल बघ," आणि तो उठायचा. दर खेपेला दुसरा कान करतानाच.

यानंतर खाली दुकानात गेले तेव्हा त्या हत्तींकडे बघायची नजर पार बदलली होती. प्रत्येकाचा एक कान मोठा आणि एक किंचित आखूड, जाडसर. मघाशी हे दिसलंच नव्हतं, आणि दिसलं असतं तर मी खोट समजून तो हत्ती परत ठेवला असता.

तर जाणार असाल तर आधी वर जा, मग खरेदी. फोटो चढत नाहीयेत, नंतर टाकते.

चाकोरी

मस्त लिहिलंय. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.
आम्ही डिसेंबरात दक्षिण आफ्रिका करतोय. व्हिसा, चलन वगैरे कसं केलंत? आणि न्ग्वेन्यासाठी वाट वाकडी करण्यासारखं आहे का, की रस्त्यातच पडतं?

अनवट

चाकोरी, जोहान्सबर्गहून येणार असाल तर अगदी रस्त्यातच. ओशूकचा नाका ओलांडला की काही किलोमीटरवर आहे, म्बाबाने या राजधानीकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून. आम्ही उलट बाजूने आलो आणि ओशूकवरून बाहेर पडलो.

व्हिसाबद्दल एकच सांगते: तुमचा दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे की अनेकदा, ते तिकीट काढायच्या आधी बघा. एस्वातिनी वेगळा देश आहे, तिथून पुन्हा दक्षिण आफ्रिकेत शिरायचंय. बाकीचे नियम दूतावासाकडूनच घ्या, धाग्यावरचे धरू नका.

चलन लिलांगेनी, अनेकवचनी एमालांगेनी. रँडच्या बरोबरीचं, एकास एक. रँड तिथे सगळीकडे घेतात, पण एमालांगेनी परतल्यावर दक्षिण आफ्रिकेत कुणी घेत नाही. आमच्या खिशात शेवटी उरलेच थोडे. ते नाक्याआधी संपवा.

आणि भट्टीवर काम चालू असेल त्याच दिवशी जा. आधी विचारून घ्या. नुसतं दुकान उघडं असलेल्या दिवशी गेलात तर मी वर लिहिलेलं सगळं वाया.

राहुट्या

आमचा अनुभव यापेक्षा कडू. गटासोबत गेलो होतो. वेळापत्रकात 'काच कारखाना, ४५ मिनिटे' असं छापलेलं. प्रत्यक्षात त्यातली वीस मिनिटं बसमधून उतरण्यात आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली, पंधरा मिनिटं दुकानात, आणि भट्टी बघायला म्हणून वर चढलो तर खालून मार्गदर्शकाची शिट्टी. मी सज्जावर नव्वद सेकंद उभा होतो. त्या नव्वद सेकंदांत एक माणूस फुंकनळी तोंडाला लावून गाल फुगवत होता, एवढंच आठवतं. पुढचे दोन तास आम्ही मेणबत्त्यांच्या बाजारात घालवले.

अनवट

राहुट्या, अरेरे. पण एक सांगू? गाल फुगवत होता ना, तो हत्तीवाला नव्हे. हत्ती भरीव असतो, त्याला फुंकर लागतच नाही. तुम्ही पेला किंवा फुलदाणी होताना पाहिलंत.

राहुट्या

घ्या. म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना चुकीचं सांगतोय.

खटपट्या

अनवटताई, तुमच्या सासूबाईंना आमच्या कारखान्यात घ्यायला हवं होतं. मी बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. त्या 'पाक गोळीबंद'वर दोन शब्द लिहितो, कारण नेमकी तिथेच गोम आहे.

काच थंड होताना पाण्यासारखी एका ठराविक अंशाला गोठत नाही. हळूहळू घट्ट होत जाते. किती हळू, ते तिच्या घडणीवर. बाटलीची काच म्हणजे ढोबळमानाने सत्तर-बहात्तर टक्के वाळू, तेरा-चौदा टक्के सोडा आणि दहा-अकरा टक्के चुना. हे प्रमाण मुद्दाम असं ठेवतात की काच पटकन आखडावी. यंत्राला बाटली काही सेकंदांत साच्यातून बाहेर काढायची असते. तोवर ती स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. आम्ही तिला शॉर्ट ग्लास म्हणायचो. हाताने काम करणारे कलाकार स्वतःसाठी जी काच वितळवतात तिच्यात चुना कमी, सोडा जास्त, कधी पोटॅशही. ती बराच वेळ मऊ राहते, आरामात ओढा, वळवा, फुंका.

आता विचार करा. न्ग्वेन्याचा कारागीर हाताने काम करतोय, पण त्याच्या सळईवर यंत्रासाठी बनवलेली काच आहे. म्हणून दुसऱ्या कानाशी त्याला उठावं लागतं. म्हणून त्या वस्तू जाडजूड आणि आटोपशीर असतात. जाड काच उष्णता धरून ठेवते, काम करायला थोडा वेळ जास्त मिळतो. व्हेनिसच्या मुरानोसारखे कागदाएवढे पातळ, लांब दांड्याचे पेले या काचेतून काढायला गेलात तर मेटाकुटीला याल. लोक 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून सहानुभूतीने विकत घेतात. सहानुभूतीची गरज नाही. हट्टी मालावर केलेलं काम आहे ते.

अनवट

खटपट्या, हे वाचून सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, "मग गूळ थोडा जास्त घालायचा ना." म्हणजे सोडा वाढवायचा, असं त्यांना सुचवायचंय बहुधा.

खटपट्या

अगदी बरोबर! काही ठिकाणी तसं करतातही, भंगार काचेत थोडा सोडा मिसळतात. पण मग ती शंभर टक्के बाटल्यांची राहत नाही, आणि सोडा फार झाला तर पेला दमट हवेत हळूहळू धुरकट व्हायला लागतो. गूळ सांभाळूनच.

मृगजळ

वाचतेय. बुडबुड्यांबद्दल पण लिहा ना कुणीतरी. माझ्याकडे अशाच एका कार्यशाळेतला जग आहे, आत बारीक बुडबुडे भरलेत. पाहुणे विचारतात, घासला नाहीस का नीट?

खटपट्या

बुडबुड्यांचं असं आहे. बाटल्या फोडून तुकडे भट्टीत घातले की तुकड्यांमधली हवा आत अडकते. लेबलचा डिंक, आतला साखरेचा अंश राहिला असेल तर तो जळून आणखी वायू होतो. हे बाहेर निघायला काच खूप तापवून तासन्‌तास तशीच ठेवावी लागते. मोठ्या कारखान्यात भट्टी पंधराशे अंशांच्या घरात असते आणि काच तिच्यात दिवसभराहून जास्त फिरत असते, शिवाय बुडबुडे मोठे होऊन वर यावेत म्हणून सल्फेट घालतो. छोट्या भट्टीला एवढं इंधनही परवडत नाही आणि वेळही. म्हणून बुडबुडे राहतात. ते दोष नाहीत, पण 'मुद्दाम सोडलेत' असं कुणी सांगितलं तर दर वेळी खरं धरू नका.

खरा शत्रू बुडबुडा नव्हे. तीन गोष्टी. एक, चिनीमातीच्या कपाचा तुकडा. तो त्या तापमानाला वितळतच नाही, काचेत खडा बनून बसतो आणि थंड होताना त्याच्याभोवती तडा जातो. दोन, ओव्हनमध्ये चालणारी बोरोसिलिकेटची भांडी. दिसायला काचच, पण प्रसरण वेगळं, वितळणं वेगळं. तीन, अॅल्युमिनियमचं झाकण. हे सगळ्यांत बेरकी. अॅल्युमिनियम वितळलेल्या काचेतल्या सिलिकामधून ऑक्सिजन ओढून घेतं आणि सिलिकॉन धातूचे चकचकीत काळे मणी मागे ठेवतं. एवढासा मणी, पण पेला पुढे कधी तडकेल सांगता येत नाही. म्हणून अशा ठिकाणी सगळ्यांत महत्त्वाची माणसं भट्टीवरची नसतात. मागच्या अंगणात बाटल्या निवडणारी, धुणारी, लेबलं खरवडणारी असतात.

अनवट

हो! तुम्ही म्हणताय ते अंगण आम्ही पाहिलं. बाटल्यांचे डोंगर. गावोगावची माणसं बाटल्या गोळा करून आणतात, वजनावर पैसे मिळतात. मला तिथे उभं राहून बाटल्यांचा रंग कळायला लागला. जिला आपण पांढरी म्हणतो ती पण एकावर एक रचली की फिकट हिरवी दिसते.

खटपट्या

वाळूतलं लोखंड. त्याचा हिरवा रंग मारायला कारखान्यात किंचित सेलेनियम आणि कोबाल्ट घालतात, गुलाबी आणि निळ्याने हिरवा पुसला जातो. कपड्यांना नीळ देतो तसंच. पुन्हा वितळवताना सेलेनियम थोडं उडून जातं, की हिरवा परत डोकं काढतो. तुमच्या हत्तीचा पाय कडेने उजेडात धरून बघा.

शंकेखोर

चर्चा छान चाललीय, पण थोडा मिठाचा खडा टाकतो. सात-आठ हजार किलोमीटर विमानाने जायचं, तिथे तेल जाळून बाटल्या वितळवून केलेला हत्ती घ्यायचा, तो परत विमानाने आणायचा आणि त्याला पर्यावरणप्रेम म्हणायचं. बाटलीचं खरं पर्यावरण म्हणजे ती धुऊन पुन्हा भरणं. आपल्या लहानपणी सोड्याच्या बाटल्या परत द्यायचो, अनामत मिळायची. तिला वितळवून हत्ती करणं म्हणजे चांगल्या साडीचं पायपुसणं करणं.

अनवट

शंकेखोर, विमानाचं मान्य. मी हत्तीसाठी गेले नव्हते, क्रूगरसाठी गेले होते, पण तेही विमानानेच. तेलाचं म्हणाल तर ते भट्टीला वापरून झालेलं जुनं तेल जाळतात. त्याने तुमचा मुद्दा खोडला जात नाही, मला माहितेय.

विक्रीतला काही भाग गेंडे आणि हत्ती वाचवण्याच्या निधीला जातो. मी मात्र तो हत्ती निधीसाठी घेतला असं सांगितलं तर खोटं ठरेल. मी घेतला कारण तो होताना मी पाहिला होता.

खटपट्या

शंकेखोर यांचं बरोबर आहे, आणि मी हे बाटलीवाल्यांच्या बाजूने बोलतोय. धुऊन पुन्हा भरणं पहिलं. पण परत न येणारी बाटली जेव्हा रस्त्याकडेला पडलेलीच असते, तेव्हा तिचं काय? तिथे वितळवणं बरं. आमच्याकडचा हिशेब असा: भट्टीत दर दहा टक्के भंगार काच वाढवली की इंधन अडीच-तीन टक्क्यांनी वाचतं. शिवाय सोडा आणि चुनखडीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड सुटत नाही, कारण तो पहिल्यांदाच सुटून गेलेला असतो. आणि कागद-प्लॅस्टिकसारखी काच दर फेरीला हलकी होत नाही. कितीही वेळा वितळवा. तेव्हा पायपुसणं म्हणू नका, तो हत्ती उद्या पुन्हा बाटली होऊ शकतो.

शंकेखोर

हत्तीची बाटली करायला कोण देणार आहे, अनवटताईंना विचारा.

अनवट

कुणाच्या बापाला देणार नाही.

निळावंती

उशिरा आले धाग्यावर. मला ओकिनावा आठवलं. जपानच्या दक्षिणेच्या बेटांवर र्युक्यू काच म्हणून प्रकार आहे. दुसऱ्या महायुद्धात सगळं बेट उद्ध्वस्त झालं, कच्चा माल मिळेना, तेव्हा तिथल्या काचवाल्यांनी अमेरिकी तळांवरून फेकलेल्या कोला आणि बिअरच्या बाटल्या वितळवायला सुरुवात केली. कोलाची फिकट हिरवट, बिअरची तपकिरी, असे पेल्यांचे रंगच बाटल्यांवरून पडले. बुडबुडे आणि जाडी आधी नाइलाज होती, नंतर तीच त्या काचेची ओळख झाली. १९९८ साली ओकिनावा प्रांताने तिला पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यताही दिली.

गंमत म्हणजे आता तिथल्या पुष्कळ कार्यशाळा बाटल्या वापरतच नाहीत, नवा माल वितळवतात आणि बुडबुडे मुद्दाम घालतात. मी एका ठिकाणी मूर्खासारखं विचारलं, ही कुठल्या बाटलीची? कारागीर हसला आणि रंगाच्या पावडरचा डबा दाखवला.

मृगजळ

म्हणजे माझ्या जगातले बुडबुडे खरे की बनावट, ते आता कसं ओळखायचं!

अनवट

या सगळ्यात सासूबाईंची एक आठवण राहूनच गेली. सज्जावरून उतरताना त्या म्हणाल्या, लहानपणी संध्याकाळी प्रभाकर कंदिलाची काच राखेने पुसायचं काम माझ्याकडे असायचं, हात लहान म्हणून आत जायचा. कराडजवळ ओगलेवाडीला तो कंदील व्हायचा. "ती काच कुणीतरी अशीच फुंकली असेल का गं, हे साठ वर्षांत कधी मनात आलं नाही," म्हणाल्या. मग गाडीत ओशूकपर्यंत गप्प.

चाकोरी

आमची तारीख पक्की झाली. आणताना फुटू नये म्हणून काय केलंत? दुकानवाले नीट बांधून देतात का?

अनवट

ते वर्तमानपत्रात छान गुंडाळून देतात. पण मी अतिशहाणपणा केला. म्हटलं जड वस्तू हाताच्या सामानात कशाला, मोठ्या बॅगेत साडीत गुंडाळून ठेवू. आणि त्याच बॅगेत, त्याच्या शेजारी, जावेने दिलेला बिडाचा तवा. घरी येऊन उघडलं तर हत्तीच्या आखूड कानाचं टोक उडालेलं. टवका साडीतच सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा.

तेव्हा: हातात घ्या. किंवा बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी कपडे, आणि जवळ कुठलंही लोखंड नको. पेले घेणार असाल तर आत मोजे कोंबा. आणि घरी आल्यावर त्यात उकळता चहा ओतू नका. जाड काच आतून तापते आणि बाहेरून थंडच राहते, पातळ काचेपेक्षा लवकर तडकते.

तरी मनात एक किडा वळवळतोय. तवा लागला हे खरं, पण कदाचित आतूनच कच्चा असेल का तो? खटपट्या, असं असू शकतं?

खटपट्या

असू शकतं, आणि घरच्या घरी तपासता येतं. वस्तू तयार झाली की ती लगेच बाहेर ठेवली तर वरचा थर आधी आखडतो, आतला नंतर, आणि दोघांची ओढाताण काचेत कायमची कोंडून राहते. म्हणून तिला साधारण साडेपाचशे अंशांच्या कोठीत ठेवून हळूहळू, बऱ्याचदा रात्रभर, निववतात. आम्ही त्या कोठीला लेहर म्हणायचो. ही निववणी नीट झाली नसेल तर काच बघायला सुरेख आणि आतून ताणलेली. मग आठ दिवसांनी कपाटात बसल्या बसल्या तडकते.

कृती: लॅपटॉपवर पूर्ण पांढरा पडदा उघडा. डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल, साधा नको. डोकं तिरपं करत जा, एका कोनात पडदा काळा होईल. नाही झाला तर दुसरा पडदा घ्या. आता तसंच डोकं धरून पडदा आणि गॉगलच्या मध्ये हत्ती धरा आणि फिरवा. ओढाताण असेल तिथे काळ्यात उजळ डाग किंवा रंगीत पट्टे दिसतील. नसेल तर हत्ती पडद्यासारखाच काळा. खात्रीसाठी आधी जुन्या सीडीचं पारदर्शक प्लॅस्टिक कव्हर धरून बघा, इंद्रधनुष्य दिसलं म्हणजे जमलं. वळणाच्या कडांना उजळ रेघ येते, ती मोजू नका.

राहुट्या

थांबा, मी आत्ता सीडीचं कव्हर धरून बघितलं. बायकोने विचारलं काय चाललंय, मान वाकडी का केलीस. सांगता येईना. पण काय रंग दिसतात हो!

अनवट

झालं. नवऱ्याचा गॉगल, लेकीचा लॅपटॉप, खोलीत अंधार. आधी सीडीचं कव्हर: जांभळे-पिवळे पट्टे. मग मोबाइलवरची काढून ठेवलेली टेम्पर्ड काच: कडेने उजळ ठिपके. मग हत्ती. पाठ काळी, पोट काळं. सोंडेच्या मुळाशी मला वाटलं काहीतरी चमकलं, फिरवला तर ती वळणाचीच रेघ. कानाच्या तुटलेल्या जागीसुद्धा काही नाही. सगळा काळा.

खटपट्या

मग निववणी चोख आहे. तुमचा तवाच.

अनवट

सासूबाई पण तेच म्हणाल्या, जरा जास्त आनंदाने. टवका जपून ठेवलाय, गोंदाने चिकटवू का?

खटपट्या

चिकटवू नका. इतका लहान तुकडा धरणार नाही, धरला तरी गोंद पुढे पिवळा पडतो. तुटलेली कड धारदार असेल ती फक्त मारा. हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणा, आधी २२० नंबर, मग ४००, मग ६००. हत्तीचा कान पाण्यात बुडवूनच घासा, कोरडा अजिबात नको, काचेची धूळ फुफ्फुसात जाता कामा नये. हळू हाताने.

अनवट

आणि दुसरा कान? तो लांब राहील की.

खटपट्या

तो आधीपासूनच लांब होता ना.